ठिगळ आणि थेंब

सकाळी ६.४०

मे महिन्यात दिल्लीला सकाळ अशी नसतेच. साडेपाचला उजाडतं आणि सात वाजता ऊन चावायला लागतं. म्हणून चपट्या नाकाच्या कुत्र्यांची ऑपरेशनं आमच्याकडे सगळ्यांत आधी लावतात. पग, शिट्झू, फ्रेंच बुलडॉग यांना भूल देणं एरवीही जिकिरीचं. दुपारच्या चव्वेचाळीस अंशांत तर ते गाडीतून दारापर्यंत येतानाच धापा टाकत निळे पडायला लागतात. द्वारकेहून गुरुग्रामला मी सातच्या आत पोचते, ती त्यांच्या नाकांपायी.

मी जनावरांचे डोळे बघते. परळच्या, १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. तिथे हात बैलांवर आणि गाढवांवर बसला. इथे दिल्लीत येऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली नव्यानं बसवावा लागला.

रात्रपाळीची ज्युनिअर हिसारची. तिनं तक्ता पुढे केला. पहिलं नाव एका लॅब्रॅडोरचं. त्याच्या कॉर्नियावरच्या जखमेत स्यूडोमोनास जंतू शिरले आहेत. हे जंतू आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, दोघंही अशी एन्झाइम्स सोडतात की कॉर्नियातलं कोलॅजन विरघळायला लागतं. जखमेची कड राखाडी, बुळबुळीत होते आणि अक्षरशः ओघळते. अशा डोळ्यात रात्रभर दर तासाला थेंब घालावे लागतात. त्यातला एक थेंब त्याच्या स्वतःच्या रक्ताच्या सीरमचा असतो. रक्त काढायचं, गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वर आलेलं पिवळसर पाणी निर्जंतुक ड्रॉपरमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. त्यातलं अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन या एन्झाइम्सना धरून ठेवतं. जवळजवळ फुकटचं औषध आहे. फक्त ते घालायला कुणीतरी जागं असावं लागतं.

"मॅम, चार बजे वाले ड्रॉप्स पंद्रह मिनट लेट हुए," ती म्हणाली. तक्त्यातही तिनं ४.१५ असंच लिहिलं होतं. तिची ही सवय मला तिच्या टाक्यांपेक्षा जास्त आवडते.

लॅब्रॅडोरची कड आज जरा घट्ट दिसली. तरी ऑपरेशन उद्या. वितळत्या कॉर्नियाला टाका घातला तर दोरा ऊती कापत बाहेर येतो आणि मग ठिगळ कितीही महाग असो, ते धरणार कशाला?

७.१५

मोमो, पग, वय चार. (दिल्लीतल्या पगांमध्ये मोमो या नावाची साथ आहे.) सोबत करोलबागेतलं तरुण जोडपं. २००३ साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग दिसला आणि देशभर पगांना मागणी आली. त्या लाटेचं बिल आजही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतं. या जातीची खोबण उथळ, त्यामुळे डोळा बाहेर. पापणी नीट मिटत नाही, नाकावरच्या घडीचे केस बुबुळावर घासतात, आणि कॉर्नियाला संवेदनाही कमी. म्हणजे खुपलं तरी कुत्रं उशिरा सांगतं.

मोमोला खुर्चीचा कोपरा लागला होता. केमिस्टकडून लालीवरचे थेंब आणले, त्यात स्टेरॉइड होतं. लाली दोन दिवसांत गेली, घरचे खूश. स्टेरॉइडनं लाली जाते, पण जखम भरायची थांबते आणि एन्झाइम्सना रान मोकळं मिळतं. लाल डोळ्याला आधी फ्लुरोसीनची पट्टी लावून जखम आहे का ते बघायचं आणि मगच स्टेरॉइडचं नाव काढायचं. माझं चाललं तर हे वाक्य मी प्रत्येक औषधाच्या दुकानात काउंटरवर रंगवून घेईन.

काल रात्री पट्टी लावली तेव्हा निळ्या उजेडात एक हिरवं कडं दिसलं आणि त्याच्या मधोमध स्वच्छ काळा गोल. नवख्याला वाटतं, मधलं भरून आलं. खरं उलट आहे. तिथला कॉर्नियाचा जाड थर पूर्ण संपलाय आणि उरलाय तो फक्त डेसिमेटचा पडदा, जो हा रंग घेतच नाही. कुत्र्याचा कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर जाड असतो. हा पडदा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. रात्रीत झटापट झाली असती तरी फुटला असता. म्हणून गळपट्टा काढून ठेवला आणि तपासणीचं रक्त मानेतून न घेता पायातून घेतलं, कारण मान दाबली की डोळ्यातला दाब चढतो.

आता ठिगळ कशाचं, हा प्रश्न. हा मी नेहमी घरच्यांपुढे ठेवते, आणि खुर्चीवर बसून ठेवते, कारण उभ्यानं विचारलं की माणसं 'जो आपको ठीक लगे' म्हणून मोकळी होतात.

पहिला पर्याय त्याच्याच डोळ्यात आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कंजंक्टायव्हाचं पातळ आवरण असतं. त्याची एक पट्टी देठासकट सोडवून जखमेवर वळवायची. ही पट्टी जिवंत असते, स्वतःचं रक्त घेऊन येते, त्या रक्तातून जंतुनाशक पेशीही येतात आणि सीरमही. विकत काहीच आणावं लागत नाही. उणीव एकच: बरोबर बाहुलीसमोर एक पांढरट डाग उरतो. दुसरा पर्याय डुकराच्या लहान आतड्यातल्या सबम्यूकोसा या थराचा. त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढून फक्त कोलॅजनची जाळी उरवतात, वाळवतात आणि छोट्या चकत्या करून विकतात. यात रक्त नाही, जीव नाही. इमारतीला बांधतात त्या परांचीचं काम ही जाळी करते: कुत्र्याच्या स्वतःच्या पेशी तिच्यावरून आत येतात, आपलं कोलॅजन घालतात, आणि काही आठवड्यांत-महिन्यांत मूळ जाळी शरीर विरघळवून टाकतं. जागा पुष्कळ जास्त पारदर्शक राहू शकते. तिसरा पर्याय गर्भाच्या पिशवीचा पडदा, अ‍ॅम्निऑन. तो आणखी पातळ, दाह शमवणारा, पण एकेरी थराला ताकद कमी.

मोमोचं भोक खोल, कडेला जंतूंचा संशय. मी म्हटलं, दोन्ही करू. खाली भोक बुजवायला डुकराची चकती, वरून रक्ताची सोय म्हणून त्याचीच पट्टी. डाग राहील, नजर कडेनं शाबूत राहील.

"ये इंसानों में भी होता है?" नवऱ्यानं विचारलं.

होतं, आणि त्यातला एक प्रयोग इथून तासाभरावर झाला. २०२२ मध्ये स्वीडनच्या लिंकपिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनपासून बनवलेलं रोपण प्रसिद्ध केलं. केराटोकोनसनं कॉर्निया पातळ झालेल्या २० जणांना ते बसवलं होतं, काहींना इराणात, काहींना इथे एम्समध्ये. त्या २० पैकी १४ जण आधी अंध गणले जात होते. दोन वर्षांनी त्यांतलं कुणीच अंध उरलं नव्हतं. एम्सचं नाव ऐकल्यावर बायकोच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसला. दिल्लीत एम्सचा शिक्का कुठल्याही शास्त्रीय लेखापेक्षा वजनदार आहे.

८.००

ओटी. मोमोच्या पापणीभोवतीचे केस कापले. कात्रीला मलम चोपडून कापायचे म्हणजे केस पात्यालाच चिकटतात, डोळ्यात पडत नाहीत. डोळा धुवायला पोव्हिडोन आयोडीन, पन्नास पट पातळ केलेलं. साबणवालं स्क्रब किंवा स्पिरिट कॉर्नियावर गेलं तर ठिगळाआधी आपणच जखम केली.

भुलेत कुत्र्याचा डोळा खाली वळून पापणीआड जातो. तो समोर स्थिर राहावा म्हणून स्नायू ढिले करणारं अ‍ॅट्राक्युरियम देतात, आणि ते दिलं की श्वासही थांबतो. म्हणजे व्हेंटिलेटर आलाच. भूलतज्ज्ञ सहकारी मोमोच्या डोक्याशी बसलेला. डोळ्याचे स्नायू ओढले गेले की काही वेळा हृदयाचे ठोके एकदम उतरतात. मी काही ओढण्याआधी त्याला सांगते, तो आकडे बघून "करो" म्हणतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिलं काम शिवणकाम नव्हे, साफसफाई. मेलेली, मऊ कड कापत कापत घट्ट कॉर्नियापर्यंत यायचं. यात घाई करणारे शल्यवैद्य मी पाहिलेत. त्यांचे टाके सुंदर असतात आणि आठवड्यानं सुटतात. आपली कड लागली की ती हाताला कळते, सुईला अडखळ येते.

चकती दरम्यान सलाइनमध्ये भिजत ठेवलेली. कोरडी असताना ती कागदासारखी कडक, भिजली की लिबलिबीत. भोकापेक्षा मिलिमीटरभर मोठी कापली. टाके ९-० पॉलिग्लॅक्टिनचे, आपोआप विरघळणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे. सुई कॉर्नियाच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीतून जायला हवी. कमी खोल गेली तर टाका फाटतो. आरपार गेली तर डोळ्यातलं पाणी दोऱ्याच्या वाटेनं झिरपतं आणि जंतूंना आत यायला वाटही मिळते. आधी घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊवर चार टाके. मग मधले.

मग वरची पट्टी. ही कंजंक्टायव्हा इतकी पातळ सोडवावी लागते की तिच्याखालून कात्रीचं टोक स्पष्ट दिसलं पाहिजे. खालचा तंतुमय थर सोबत आला तर पट्टी मागे खेचते आणि टाक्यांवर ताण येतो. पट्टी ताण न देता आपल्या जागी पडून राहिली पाहिजे, मगच शिवायची. मोमोची राहिली.

शेवटी पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला तात्पुरता टाका. भुलेतून उठताना पगची श्वासनळीतली नळी शक्य तितकी उशिरा काढायची. तो ती चावायला लागला, तेव्हा काढली.

डुकराच्या आतड्याच्या या पडद्याची गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या महारोहिणीचा तुकडा काढून तिथे आतड्याचा सबम्यूकोसा बसवून पाहिला. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आतड्याचं पुन्हा आतडं झालं नाही, तिथे रक्तवाहिनीची भिंत तयार झाली. जाळी ज्या जागी ठेवाल त्या जागेच्या पेशी तिच्यात राहायला येतात, हे तेव्हा ध्यानात आलं. माणसांच्या जखमा, हर्निया, सगळं नंतर. या पडद्याची पहिली परीक्षा कुत्र्यांनीच दिलेली आहे.

१०.४५

चहा. हातात कप असतानाच पुढची मंडळी. बल्लीमारानहून टॅक्सीनं आलेले आजोबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. मेट्रोत जनावर नेता येत नाही, त्यामुळे जुन्या दिल्लीतल्या लोकांना माझी फी टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते. टोपलीत नूरी, पांढरी पर्शियन मांजर. डाव्या बुबुळावर मसुराच्या दाण्याएवढा काळपट तपकिरी डाग. याला सिक्वेस्ट्रम म्हणतात: कॉर्नियाचा एक तुकडा मरतो आणि रंगतो. पर्शियन मांजरांत फार. मागे बहुधा मांजरांचा हर्पिस विषाणू किंवा कायमची घासणी असते. तो तुकडा कोरून काढायचा आणि खड्डा बुजवायचा.

बुजवायचा कशानं, ते मी सांगितलं. डुकराचा पडदा हाही त्यात सांगितला.

आजोबांनी क्षणभरही घेतला नाही. "हमारे यहाँ ये नहीं चलेगा, डॉक्टर साहिबा. कुछ और हो तो बताइए."

"है," मी म्हटलं, आणि अ‍ॅम्निऑनचं सांगितलं. ते कुत्रीच्या पिल्लांच्या पिशवीचं असतं हेही सांगितलं. नातीनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार करून मान हलवली.

काही सहकारी म्हणतात, कशाला सांगायचं? 'बायोलॉजिकल मेम्ब्रेन' म्हणून मोकळं व्हावं. हृदयविकाराच्या रुग्णाला देतात ते हेपरिन तरी बहुतेक डुकराच्या आतड्यातूनच येतं, तेव्हा कोण विचारतं? मला हे पटत नाही. कुणाला काय चालेल याचा अंदाज मी बांधला तर तो बहुतेक वेळा चुकीचाच ठरेल. रोहिणीच्या एक शुद्ध शाकाहारी आजी डुकराला लगेच हो म्हणाल्या होत्या, पण गाईच्या हृदयावरच्या आवरणाचा पर्याय निघाला तेव्हा हात जोडून नाही म्हणाल्या. पडद्यांत पर्याय आहेत, मग माणसाला निवडू द्यावं. एकही पर्याय नसता तर गोष्ट वेगळी होती.

नूरीचा खड्डा स्वच्छ होता, जंतू नव्हते, रक्ताची गरज नव्हती, आणि डाग बाहुलीसमोरच होता. अ‍ॅम्निऑन इथे नाइलाजानं घेतलेला पर्याय नव्हता, उत्तम पर्याय होता. चंद्रकोरी पात्यानं थर थर सोलत काळा भाग निघाला, निम्म्या जाडीवर तळ स्वच्छ लागला. अ‍ॅम्निऑनची सरळ बाजू कुठली आणि उलटी कुठली हे बघायला डोळे कामाला येत नाहीत. कोरड्या स्पंजचं टोक लावायचं. ज्या बाजूला चिकट तंतू ओढले जातात ती खाली, गुळगुळीत ती वर, म्हणजे कॉर्नियाचं नवं आवरण तिच्यावरून सरकेल. दोन थर घातले. सोबत तोंडावाटे फॅमसायक्लोव्हिर. संध्याकाळी घरी.

१२.३०

पुरवठादाराचा फोन. आयात होणाऱ्या चकत्यांची पेटी अजून सुटलेली नाही. हे चालायचंच. बाहेरच्या मालावर डोळा टांगून ठेवणं मला आवडत नाही, खास करून आपल्याकडे याच कामाची माणसं असताना. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत टी. व्ही. अनिलकुमार यांच्या प्रयोगशाळेनं डुकराच्या पित्ताशयापासून कोलेडर्म नावाचा पडदा बनवला. २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तो कातडीच्या जखमांसाठी आहे, डोळ्यासाठी नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरला, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत म्हशीच्या आतड्याचे आणि माशाच्या हवेच्या पिशवीचे पेशीरहित पडदे करून सशांच्या जखमांवर वापरून पाहिलेत. (ही संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, हे बरेलीकरांना सांगितलं की त्यांना आवडत नाही.) ब्राझीलमध्ये तिलापिया माशाच्या कातडीचा पडदा कुत्र्यांच्या कॉर्नियावर बसवतात. आपल्याकडे म्हैस आहे, मासा आहे, कौशल्य आहे. कॉर्नियाला बसेल इतका पातळ, निर्जंतुक, बरणीतून काढला की वापरता येईल असा देशी पडदा मात्र माझ्या कपाटात अजून नाही.

पोळी-भाजी. दहा मिनिटं.

१.२०

"मॅम, सिज़ेरियन शुरू हो रहा है," बाजूच्या ओटीतून निरोप. फ्रेंच बुलडॉग, चार पिल्लं. डोकी इतकी मोठी आणि कंबर इतकी अरुंद की या जातीची बाळंतपणं सहसा पोट उघडूनच होतात. जातीवर माझा राग आहे, पण तिच्या वारेचा मला उपयोग होतो.

पिल्लू पातळ पारदर्शक पिशवीत बाहेर येतं. सहकारी पिशवी फोडते, पिल्लू टॉवेलात जातं, पिशवी माझ्या भांड्यात. अँटिबायोटिक घातलेल्या सलाइनमध्ये रक्त जाईपर्यंत धुवायची, बाहेरचा जाड थर सोडवायचा, मग नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर एकही सुरकुती न ठेवता पसरायची आणि चौकोन कापून ग्लिसरीनमध्ये बुडवायचे. मालकांना आधीच विचारलेलं असतं. कुत्रीची ब्रुसेला आणि गोचीड-तापाची तपासणी स्वच्छ येईपर्यंत ती बाटली वेगळ्या कप्प्यात, लाल पट्टी लावून. फ्रीझरला इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही आहेत, कारण गुरुग्रामच्या मे महिन्यात एकावर भागत नाही.

अ‍ॅम्निऑन डोळ्यावर बसवायची कल्पना नवी नाही. १९४० मध्ये डी रॉट यांनी माणसाच्या डोळ्यावर ताजा पडदा वापरला होता, काही वर्षांनी लंडनमध्ये सोर्स्बी यांनी भाजलेल्या डोळ्यांवर. मग पन्नासेक वर्षं जग ते विसरलं, आणि १९९५ मध्ये किम आणि त्सेंग यांनी सशांच्या डोळ्यांवरचा प्रयोग छापल्यावर पुन्हा वापर सुरू झाला.

३.००

ओपीडी. ऑपरेशन झालेल्यांची फेरतपासणी. खरं काय झालं ते इथे कळतं.

पालमच्या हवाई दलाच्या वसाहतीतल्या सातारच्या वहिनी, त्यांचा शिट्झू बिट्टू. तीन आठवड्यांपूर्वी अ‍ॅम्निऑन लावलं होतं.

"ताई, बुबुळावर लाल दोरे आलेत. बिघडलं का हो?"

"नाही वहिनी, ते रक्तवाहिन्यांचे आहेत. कडेपासून दिवसाला मिलिमीटरभर चालत येतात. आत्ता येऊ दे. काम झालं की मागे हटतात."

वहिनींनी पिशवीतून कालनिर्णयचं पान काढलं. तारखेच्या प्रत्येक चौकोनात थेंबांच्या खुणा: अँटिबायोटिकला फुली, सीरमला गोल, अ‍ॅट्रोपिनला टिंब. रात्री दोनचे साहेबांच्या अक्षरात. एकादशीच्या चौकोनात जागा पुरली नाही म्हणून बाण काढून बाजूला. बिट्टूचा डोळा बघण्याआधीच मला निकाल कळला होता. फ्लुरोसीन लावलं, एक ठिपकाही हिरवा नाही.

नंतर एक जुना पग. दीड महिन्यापूर्वी पट्टी वळवलेली, आता तिचं देठ कापायचं. बधिर करणारे थेंब, चिमटा, एक कात्री. रक्त तुटलं की पट्टी हळूहळू चपटी आणि फिकी होते. पाच मिनिटं.

त्यानंतरचा स्पिट्झ मात्र बसल्या जागी ओळखू आला. चकती सुटलेली, डोळ्यात पू, दाब वाढलेला, दृष्टी गेलेली. डोळा घासू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन कुत्र्यानं रात्री काढला आणि पंजानं घासलं. घरात दोघंच, दोघंही नोकरीवर. दिवसातून आठ वेळा थेंब घालायला घरी होतं कोण? हे मी त्यांना बोलले नाही, कारण आठ वेळा असं कागदावर लिहायला मला अर्धी ओळ लागते. डोळा काढणं हाच आता दुखणं थांबवायचा उपाय. बाई रडल्या. मी सांगितलं ते खरंच आहे: एका डोळ्यावर कुत्री अगदी मजेत राहतात, आरशात बघून कुढत नाहीत.

५.४०

आंधी. आकाश पिवळं झालं, काचांवर वाळू आपटायला लागली, दिवे गेले आणि जनरेटर खोकून सुरू झाला. उद्या-परवा ओपीडीत धुळीनं लाल झालेल्या डोळ्यांची रांग लागणार.

अशा हवेत पालम विहारची एक शिक्षिका रिक्षातून रस्त्यावरचं कुत्रं घेऊन आली. ती वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालते. कुत्री तांबूस, दोन-तीन वर्षांची, कानाला नसबंदीची खूण. भांडणात उजव्या डोळ्याला लागलेलं. खोल जखम, मोमोच्याच मापाची म्हटली तरी चालेल.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली रस्त्यावरची कुत्री आश्रयस्थानांत हलवायला सांगितली. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस झाली की कुत्रं त्याच भागात परत सोडायचं, पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर नाही. तेव्हापासून खाऊ घालणारी मंडळी कुत्र्याला दवाखान्यात ठेवायचं म्हटलं की आधी विचारतात, परत मिळेल ना? हिनंही विचारलं. मिळेल.

इथे मात्र मी चकती काढली नाही. पेटी अडली म्हणून नव्हे, एक शिल्लक होती. या कुत्रीला दोन आठवडे आम्ही पिंजऱ्यात ठेवू शकतो. त्यानंतर ती बाजारामागच्या गल्लीत. तिथे तिला थेंब घालायला कुणी उभं राहणार नाही. शिक्षिका दिवसातून एकदा येईल, कुत्री आली तर येईल. रक्त नसलेल्या पडद्याला घरच्यांच्या थेंबांचा आधार लागतो. जिवंत पट्टी आपलं रक्त सोबत घेऊन येते. डाग राहिला तर राहू दे. गल्लीतल्या कुत्रीला डोळा टिकण्याशी मतलब.

ज्युनिअरनं विचारलं, "मॅम, मोमो का भी तो इतना ही गहरा था. उसको मेम्ब्रेन दिया."

मोमोच्या घरी थेंब घालायला दोन माणसं आहेत. बिट्टूकडे कालनिर्णय आहे. पडदा कुठला निवडायचा ते मी निम्मं कॉर्निया बघून ठरवते, निम्मं थेंब कोण घालणार ते बघून. पुस्तकात हा दुसरा अर्धा रकाना नसतो.

६.३०

कुत्रीचं ऑपरेशन. साफसफाई, पट्टी, विरघळणारे टाके. मग वरखाली पापण्या पूर्ण शिवून डोळा मिटवला, आतल्या कोपऱ्यात थेंबापुरती फट ठेवून. पट्टी ज्युनिअरनं सोडवली. खालून तिला कात्रीचं टोक दिसत होतं, मला थोडं धुरकट वाटलं. "और पतला," एवढंच बोलले. तिनं पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा जमलं.

८.१५

तक्ते. रात्रीच्या माणसाला एकेक पिंजरा दाखवून समजावलं. लॅब्रॅडोरला दर तासाला, मोमोला दर दोन तासांनी, गल्लीतल्या कुत्रीला तीन वेळा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. मलम सगळ्यांत शेवटी. मोमोला उचलताना छातीखालून, मानेखालून नाही.

मोमोचे अश्रूही काल मोजले होते. कागदाची पट्टी मिनिटभरात नऊ मिलिमीटर भिजली, निरोगी कुत्र्याची पंधराच्या वर भिजते. म्हणजे ठिगळ बरं झालं तरी सायक्लोस्पोरिन आयुष्यभर. हे त्या जोडप्याला आज सांगायचं राहू दिलं. आज त्यांनी पुरेसं ऐकलं. उद्या सकाळी.

९.४०

बल्लीमारानहून नातीचा फोन. नूरीनं कोन काढलाय आणि ती कपाटावर जाऊन बसलीय, उतरत नाही, दहाचे थेंब कसे घालू?

"पहले उतारो. टूना का डिब्बा खोलो, आवाज़ करके."

मागे आजोबांचा आवाज, स्टूल ओढल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मग नात म्हणाली, आली खाली. मी म्हटलं, आधी कोन, मग थेंब, मग टूना. याच क्रमानं, आणि फोटो पाठव.

पाच मिनिटांत फोटो आला. थेंब गेलेले दिसत होते, गालावर ओघळ होता. कोन उलटा घातला होता, रुंद तोंड मागच्या बाजूला. मी परत फोन लावला.